सहावी ते आठवी : खऱ्या कामाचं वय

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हायस्कुलात असूनही दहावीचा वर्ग कधी मागितला नाही. सहावी, सातवी आणि आठवी हेच आपले वर्ग, असं त्या दर जूनमध्ये मुख्याध्यापकांना सांगत. त्यांच्या नावाने बोलायचं तर विषयही त्यांच्या वर्गांचाच असावा. म्हणून आज मी अकरा ते चौदा या वयाच्या मुलामुलींबद्दल बोलणार आहे. ही मुलं मन लावून केव्हा शिकतात आणि शिकण्यातून त्यांचं मन केव्हा उठतं, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्याकडे पहिलीच्या मुलाचं प्रवेशोत्सवात औक्षण होतं. दहावीच्या मुलाचा गुणगौरव होतो, चौकात फ्लेक्स लागतो. मधल्या वर्गांच्या वाट्याला, शिष्यवृत्तीची परीक्षा सोडली तर, फारसं काही येत नाही. शाळांची रचनाही या मुलांना धड कुठलीच ठेवत नाही. जिल्हा परिषदेची शाळा कुठे चौथीपर्यंत, कुठे सातवीपर्यंत. हायस्कूल पाचवीपासून दहावीपर्यंत. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला उच्च प्राथमिक म्हटलं, २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हीच तीन वर्षं स्वतंत्र टप्पा मानली. प्रत्यक्षात अनेक गावांत सातवी झाली की दाखला काढायचा आणि आठवीला दुसऱ्या गावी जायचं. हायस्कुलात वेळापत्रक बसवताना आधी दहावीचे तास भरले जातात, मग नववीचे. उरलेले तास उरलेल्यांना. याच उरलेल्या तासांत मुलं अपूर्णांकातून बीजगणितात जातात, गोष्टीतून निबंधात येतात, परिसर अभ्यासातून विज्ञानात शिरतात. शालेय गणित-विज्ञानातली अवघड वळणं इथेच आहेत, आणि याच वळणांवर आपण मुलांना सर्वांत कमी सोबत करतो.

सातवीच्या शिक्षकाची नेहमीची तक्रार आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ‘चौथीत हाच मुलगा हात वर करकरून उत्तरं द्यायचा, आता तोंड उघडत नाही.’ ही तक्रार खरी आहे. आवाज फुटलेला असतो, उंची अचानक वाढलेली असते, चेहऱ्यावर पुळ्या आलेल्या असतात. वर्गात आपलं हसं होईल ही भीती या वयात सरांच्या छडीपेक्षा मोठी असते. मुलींची पाळी सुरू होते. शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नसेल तर महिन्यातले काही दिवस वर्ग बुडतो. गणितात सलग तीन दिवस बुडाले की चौथ्या दिवशी फळ्यावरचं काहीच कळत नाही. मग त्या मुलीला ‘गणितात रस नाही’ असं आपण प्रगतिपुस्तकात लिहून मोकळे होतो. त्या शेऱ्यामागे पाण्याचा नळ असतो, हे कुणी पाहत नाही.

पण केवळ वयाला दोष देऊन चालणार नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ जॅकलिन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक महत्त्वाचं निरीक्षण मांडलं. या वयात मुलाला स्वतः ठरवून काही करावंसं वाटू लागतं, आणि नेमकं तेव्हाच शाळा त्याच्यावरचं नियंत्रण वाढवते. त्याला इतरांसमोर कमी पडण्याची धास्ती वाटू लागते, आणि नेमकं तेव्हाच आपण क्रमांक, तुकड्या, तुलना सुरू करतो. आईवडिलांखेरीज आणखी एखादं मोठं माणूस त्याला जवळचं हवं असतं, आणि नेमकं तेव्हाच एका वर्गशिक्षकाच्या जागी दर तासाला नवा शिक्षक येतो. शिकण्यावरचं मन उडण्याचं कारण मुलाचं वय आणि शाळेची रीत यांच्या या विसंगतीत आहे. त्या अभ्यासातली शाळा अमेरिकेतली असली, तरी आपली सातवी ‘ब’ मला त्यात स्पष्ट दिसते.

यावर आपण शोधलेला उपाय म्हणजे प्रेरणा पुरवणं. शाळेत व्याख्याता बोलावायचा, त्याने तासभर जिद्दीच्या गोष्टी सांगायच्या, मुलांनी टाळ्या वाजवायच्या. नाहीतर तारे, बॅज, बक्षिसं, ‘आठवड्याचा आदर्श विद्यार्थी’. यामागची तळमळ मी समजू शकतो. परंतु १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्या मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडत होतं, त्यांतल्या काहींना त्यांनी आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. मुलांनी चित्रं काढली, बक्षीस घेतलं. पुढे मोकळ्या वेळात रंगाचे पेन समोर असताना हीच मुलं आधीपेक्षा कमी रंगवू लागली. ज्यांना बक्षिसाचं आमिष दाखवलं नव्हतं, त्यांची आवड टिकून राहिली. बालवाडीत हे होत असेल, तर तेरा वर्षांच्या मुलाला आपल्या बॅजमागचा हेतू कळत नसेल का?

माझं म्हणणं सरळ आहे. या वयाच्या मुलाला प्रेरणा बाहेरून पाजावी लागत नाही. त्याला खरं काम द्यावं लागतं. उत्तर आधीच ठरलेलं नाही असं काम, त्याच्या चुकीचाही विचार होईल असं काम, आणि झाल्यावर कुणीतरी मनापासून वाचेल किंवा वापरेल असं काम. ही कल्पना आपल्या देशात सरकारी शाळांमध्ये, साध्या शिक्षकांनी, तीस वर्षं राबवून दाखवलेली आहे.

१९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याचं नाव आता नर्मदापुरम आहे, सोळा सरकारी मिडल स्कूलमध्ये एक प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रुरल सेंटर या दोन संस्थांनी राज्य सरकारच्या परवानगीने सहावी ते आठवीचं विज्ञान नव्याने शिकवायला घेतलं. विद्यापीठांतले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले वैज्ञानिक त्यांच्या मदतीला आले. १९७८मध्ये जिल्ह्यातल्या सगळ्या मिडल स्कूलमध्ये हा कार्यक्रम गेला. १९८२मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे त्याची जबाबदारी घेतली आणि तो इतर जिल्ह्यांतही पसरला.

त्यांचं पुस्तक होतं ‘बाल वैज्ञानिक’. त्यात प्रयोग होते, प्रश्न होते. उत्तरं छापलेली नव्हती. मुलं चार-चारच्या टोळीने बसत, स्वतः प्रयोग करत, निरीक्षणं वहीत लिहीत आणि मग सगळा वर्ग मिळून चर्चा करत असे. मोजमापाचा धडा घ्या. एकच लांबी प्रत्येक टोळी मोजते आणि आकडे थोडे-थोडे वेगळे येतात. आपल्या नेहमीच्या वर्गात सर एक आकडा बरोबर ठरवतात आणि बाकीची मुलं खोडरबर काढतात. इथे सगळे आकडे फळ्यावर जात. पट्टी शून्यापासून लावली होती का? डोळा तिरपा होता का? पट्टी उचलून पुढे ठेवताना खूण कुठे केली? एवढं सगळं सांभाळूनही थोडा फरक का उरतो? मोजमापात फरक राहतोच आणि तो किती हे समजून घेणं हाच विज्ञानाचा भाग आहे, ही गोष्ट बारा वर्षांचं मूल स्वतःच्या हाताने शिकत होतं. पुढे तीच मुलं नाणं उडवून छाप किती वेळा आणि काटा किती वेळा हे मोजत, सगळ्या वर्गाचे आकडे एकत्र करत आणि संभाव्यतेच्या विचारापर्यंत पोहोचत.

परीक्षाही याला साजेशी होती. पुस्तक आणि वही उघडी ठेवून उत्तरं लिहायची, शिवाय प्रयोग करून दाखवायचा. पाठांतराला तिथे भाव नव्हता, त्यामुळे पाठांतर आपोआप मागे पडलं. शिक्षकांची दर महिन्याला बैठक होई. वर्गात काय अडलं, कुठला प्रयोग फसला, मुलांनी कुठला प्रश्न विचारला, याची तिथे चर्चा होई आणि त्या चर्चेतून पुस्तक बदलत असे. पोरांच्या प्रश्नांसाठी सवालीराम नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. मुलं त्याला पत्रं लिहीत आणि प्रत्येक पत्राला विचारपूर्वक उत्तर जाई. खेड्यातल्या सातवीच्या मुलीला तिच्या प्रश्नाचं उत्तर पोस्टाने घरी येतं, यापेक्षा मोठं बक्षीस मला माहीत नाही.

या कामाशी आपल्या पुण्याचं नातं आहे. १९७८ साली टेल्कोतले अभियंते अरविंद गुप्ता वर्षभराची रजा घेऊन होशंगाबादला गेले. तिथे त्यांनी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगपेटीच्या काड्या यांचे सांगाडे करायला सुरुवात केली. ट्यूबचा छोटा तुकडा हा सांधा आणि काडी ही बाजू. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि बोटाने दाबा, तो आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन करा आणि दाबा, तो लगेच कलंडतो. त्यात एक तिरपी काडी बसवली की तोही ताठ उभा राहतो. मग मुलं वर बघतात आणि शाळेच्या पत्र्याखालच्या कैचीत त्रिकोण का आहेत ते त्यांना कळतं. हे साहित्य अगदी थोड्या पैशांत येतं. गुप्ता पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत आले आणि तिथे महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी अशी खेळणी स्वतः केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

२००२ साली सरकारने होशंगाबादचा कार्यक्रम बंद केला. तो बंद झाला म्हणजे चुकीचा होता असं मानू नका. सरकारी शाळेतलं साधं मूल आणि साधा शिक्षक, दोघंही खऱ्या कामाला लागू शकतात, एवढं त्याने पुराव्यानिशी सिद्ध केलं आहे.

आता गणिताच्या तासाला चला. सहावीत अर्धा अधिक एक तृतीयांश विचारला की वर्गातले काहीजण दोन पंचमांश लिहितात. अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला. शिक्षक म्हणून आपल्यापुढे दोन वाटा असतात. लाल काट मारायची, ‘छेद समान करा, कितीदा सांगितलं’ म्हणायचं आणि पुढे जायचं. किंवा खडू त्या मुलाच्या हातात द्यायचा आणि विचारायचं, दोन पंचमांश मोठा की अर्धा? भाकरीचे पाच समान भाग केले तर अर्ध्या भाकरीला अडीच भाग लागतात. दोन भाग म्हणजे अर्ध्याहून कमी. म्हणजे अर्ध्या भाकरीत आपण आणखी भाकरी घातली आणि ती अर्ध्याहून कमी झाली? वर्गात कुजबुज सुरू होते. कुणीतरी म्हणतं, ‘सर, तुकडे सारख्या मापाचे नाहीत, म्हणून नुसते मोजून चालत नाही.’ समच्छेदाची गरज तिथे उगवते आणि ती मुलांच्या तोंडून येते. नियम सांगायला दोन मिनिटं लागतात, या वाटेने अर्धा तास जातो. पण या अर्ध्या तासात त्या मुलाला कळतं, की माझ्या चुकीलाही काही कारण होतं आणि ते शोधण्याइतका मी हुशार आहे.

आणखी एक साधी गोष्ट. १९७०च्या दशकात मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांतली बोलणी ध्वनिमुद्रित करून तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, असं तिला आढळलं. तो वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांबतात, अधिक मुलं बोलतात आणि मुलं स्वतःहून प्रश्न विचारू लागतात. या वयाच्या लाजाळू मुलांसाठी मी त्यात एक भर घालतो. आधी उत्तर वहीत लिहा, मग बाकावरच्या जोडीदाराला दाखवा, मग वर्गात सांगा. हसं होण्याची धास्ती निम्म्याने उतरते, कारण आता बोलणारा एकटा नसतो. याला ना निधी लागतो, ना शासन निर्णय.

मागे पडलेल्या मुलांचं काय, हा प्रश्न आपल्या मनात आला असेल. प्रथम संस्थेच्या २०१८च्या ‘असर’ अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात आठवीतल्या मुलांपैकी निम्म्याहून कमी मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत होतं. आणि चारातल्या एकापेक्षा जास्त मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा सहज वाचता येत नव्हता. ज्या मुलाला इतिहासाचं पान वाचताच येत नाही, त्याला इतिहासाची गोडी लावण्याच्या गप्पा फोल आहेत. त्याला आधी वाचायला शिकवा. रोज तासभर, इयत्ता बाजूला ठेवून, ज्याची जेवढी तयारी तेवढ्या गटात बसवून शिकवलं तर मुलं भरभर पुढे येतात, हे प्रथमच्याच कामातून दिसून आलं आहे. मात्र एक पथ्य पाळा. तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात पहिलीचं चित्रांचं पुस्तक देऊ नका. त्याला सोप्या शब्दांतला, पण त्याच्या वयाचा मजकूर द्या. क्रिकेटच्या सामन्याची बातमी, सापांची माहिती, मोटारीचं इंजिन, पाककृती, शेतीचा बाजारभाव. शब्द सोपे असू देत, विषय त्याच्या अंगाला बसणारा असू दे.

हल्ली भीतीचाही उपाय पुन्हा सुचवला जातो. २०१९ साली शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि आपल्या राज्याने २०२३मध्ये पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. फेरपरीक्षेतही नापास झाला तर मूल त्याच वर्गात राहू शकतं. ढकलपासचा कंटाळा आलेल्या पालकांना हे पटतं. परीक्षा असावी, माझी हरकत नाही. पण नापास होण्याच्या धाकाने मूल गाइड पाठ करतं. अपूर्णांक समजून घेत नाही. ज्या वर्गात वर्षभर त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही, त्याच वर्गात आणखी एक वर्ष बसवल्याने ते शिकेल, ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

आता माझ्या सर्वांत जिव्हाळ्याच्या मुद्द्याकडे येतो. या वयाच्या मुलाला वाचक द्या. महाराष्ट्राला हे नवं नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध दोन भागांत छापून आला. तो लिहिला होता मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने. ती फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेची विद्यार्थिनी होती आणि तिचं वय होतं सुमारे चौदा. म्हणजे आपल्या आठवीतली मुलगी. धर्म, जात, भूक आणि अपमान यांवर तिने जे लिहिलं, ते आज जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनंतरही विद्यापीठांत अभ्यासलं जातं. ‘माझा आवडता पक्षी’ लिहायला सांगितलं असतं तर ती लेखणी कुणालाच कळली नसती. तिच्या शिक्षकांनी तिला तिच्या जगण्याविषयी लिहू दिलं आणि संपादकांनी ते छापलं. ती मोठी होण्याची वाट कुणी पाहिली नाही.

मुलांना असंच गांभीर्याने घेणारे साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. पुढे ‘विद्यार्थी’ नावाचं मासिकही त्यांनी काढलं. गुरुजींच्या प्रेमळपणाबद्दल आपण भरभरून बोलतो. त्यांच्या शिक्षकपणातली ही मेहनत मला तितकीच मोलाची वाटते. दिवसभर शिकवून झाल्यावर मुलांच्या वाचनासाठी रोज लिहायला बसणारा माणूस मुलांच्या बुद्धीचा केवढा आदर करत असेल!

मुलांच्या कामाला वाचक मिळवून देणं आजही करता येतं. पावसाळ्यात शाळेच्या पटांगणात पर्जन्यमापक ठेवून सहावीच्या मुलांनी रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये लिहावा आणि ते आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. गळका नळ लिटरभर बाटली किती वेळात भरतो ते मोजून दिवसाला किती पाणी जातं याचा हिशेब सातवीने काढावा आणि तसा अर्ज सरपंचांना द्यावा. आठवीच्या मुलींनी आजीच्या पिढीतली गावाची माहिती विचारून लिहावी आणि ती वाचनालयात ठेवली जावी. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहेत. ते दिवस सहलीत आणि फोटोंत न घालवता अशा कामांना द्यावेत. अट एकच, मोठ्यांनी उत्तर द्यायचं. सरपंचांनी मुलांच्या अर्जाला लेखी उत्तर दिलं, तर नागरिकशास्त्राचा तो धडा मुलं विसरणार नाहीत.

आणि हे सगळं ज्याने करायचं त्या शिक्षकाचं काय? मतदारयाद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, तातडीचे अहवाल यांतून त्याला वर्गात पोहोचू द्या. आपल्याकडे शेजारच्या शाळांच्या गटाची, म्हणजे केंद्राची, शिक्षण परिषद भरते. तिथे परिपत्रकं वाचून दाखवण्याऐवजी एका शिक्षकाने आपल्या वर्गातल्या दहा मुलांची उत्तरं मांडावीत आणि बाकीच्यांनी मुलं असा विचार का करतात यावर बोलावं. होशंगाबादच्या मासिक बैठकीने शिक्षकांना विचार करणारी माणसं मानलं, म्हणून त्यांनीही मुलांना तसंच मानलं. ज्याला स्वतःला कुणी गांभीर्याने घेत नाही, त्याने मुलांना गांभीर्याने घ्यावं अशी मागणी फार काळ करता येत नाही.

म्हणून आपल्याकडे माझ्या तीन मागण्या आहेत. मुख्याध्यापकांनी पुढच्या जूनमध्ये वेळापत्रक करताना शाळेतल्या सर्वांत चांगल्या शिक्षकाचे निदान काही तास मधल्या वर्गांना द्यावेत. शिक्षकांनी आठवड्यातून एक चूक अशी निवडावी, की जिच्यावर सगळा वर्ग अर्धा तास विचार करील. पालकांनी घरी ‘किती मार्क पडले’ हे विचारण्याआधी ‘आज तू काय विचारलंस’ हे विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं. यातलं एकही काम पैशांअभावी अडणारं नाही. चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापण्याचं धाडस १८५५ सालचा महाराष्ट्र करू शकला. आजच्या महाराष्ट्राला आपल्या सातवीतल्या मुलाचं म्हणणं ऐकून त्याला उत्तर देता आलंच पाहिजे.